राउटर टेबलावर लहान लाकडी तुकड्यांची घडण

राउटर टेबलावर लहान लाकडी तुकड्यांची घडण ही सुतारकामातील एक यांत्रिक प्रक्रिया आहे. तीत राउटर हे यंत्र मेजाखाली उलटे बसवतात आणि मेजाच्या पृष्ठभागातून वर आलेल्या फिरत्या बिटजवळून लाकूड सरकवतात. त्यामुळे लाकडाची कड गोल, उतरती किंवा नक्षीदार होते, अथवा त्यात खाच वा पन्हळ पडते. लांब फळी या पद्धतीने घडवणे तुलनेने सोपे असते. पोळपाटाचे पाय, देव्हाऱ्याच्या कमानीचे भाग, खेळण्यांची चाके, कपाटाच्या मुठी, तसबिरीच्या चौकटीच्या पट्ट्या असे वीतभर किंवा त्याहून लहान तुकडे घडवताना मात्र बोटे बिटच्या अगदी जवळ येतात आणि तुकडा हातातून उसळण्याचा संभव वाढतो.

या कामातील सुरक्षिततेचे मूळ तत्त्व एकच आहे. तुकडा लहान असला, तरी यंत्रासमोर तो लहान राहू देऊ नये. तो मोठ्या फळीचा भाग असतानाच घडवून नंतर कापावा, किंवा मोठ्या आधाराला घट्ट जोडून मग यंत्राजवळ न्यावा. पुढे वर्णिलेल्या बहुतेक पद्धती या एकाच तत्त्वाची निरनिराळी रूपे आहेत.

यंत्राचे स्वरूप

राउटर म्हणजे अतिशय वेगाने फिरणारी विजेची मोटार. तिच्या टोकाशी कॉलेट नावाची आवळली जाणारी पकड असते व त्या पकडीत बिट बसवतात. बिटला बहुधा दोन पाती असतात आणि त्यांच्या कडेला टंगस्टन कार्बाइडचे तुकडे जडवलेले असतात. काही बिटांच्या टोकाशी लहान बेअरिंग असते. ते लाकडाच्या कडेला टेकून फिरते आणि पाते किती आत जावे याची मर्यादा ठरवते.

राउटर हातात धरून वापरताना लाकूड स्थिर असते व यंत्र फिरवले जाते. राउटर टेबलावर याच्या उलट घडते. यंत्र स्थिर राहते आणि लाकूड सरकवले जाते. मेजावर बिटच्या मागे एक सरळ उभी आडपट्टी असते. कारागीर तिला फेन्स म्हणतात. तिला टेकवून लाकूड उजवीकडून डावीकडे नेले, की संपूर्ण लांबीवर सारखी घडण होते. हाती धरलेल्या राउटरखाली लहान तुकडा नीट बसत नाही, म्हणून अशा कामासाठी टेबल सोयीचे ठरते. मात्र सोय वाढली म्हणून धोका कमी होत नाही. टेबलावर पाते उघडे असते आणि त्याच्या दिशेने जाणारा हात कारागिराचा स्वतःचा असतो.

इतिहास

यंत्र येण्यापूर्वी लाकडाच्या कडेला नक्षी काढण्याचे काम वेगवेगळ्या आकारांच्या पात्यांचे रंधे आणि पटाश्या यांनी होत असे. विजेवर चालणारा, हातात धरण्याजोगा राउटर अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात आर. एल. कार्टर यांनी तयार केला. त्यांचा हा व्यवसाय १९२९ मध्ये स्टॅनले कंपनीने विकत घेतला. पुढे कार्बाइडच्या पात्यांमुळे कठीण लाकूड, प्लायवूड आणि एमडीएफ यांवर दीर्घकाळ काम करणे शक्य झाले.

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडी यांची घडण व दुरुस्ती हे त्याचे मुख्य काम असे. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, सामता आणि गुण्या ही त्याची हत्यारे. शेतीची अवजारे लोखंडाची झाली, गाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, तसे सुतारकाम घरगुती सामान, दारे-खिडक्या व सजावटीच्या वस्तूंकडे वळले. या कामात सनमायक्याच्या कडा साफ करणारा हातात मावणारा ट्रिमर रुळला. तोच ट्रिमर प्लायवूडच्या तुकड्याला भोक पाडून खालून बसवला, की घरगुती राउटर टेबल तयार होते. लहान कार्यशाळांतील अनेक टेबले अशीच घरी बनवलेली असतात. त्यांना झाकण, सुरक्षित स्विच वा धूळ ओढणारी नळी बहुधा नसते.

लहान तुकडा अधिक धोक्याचा का

यामागे पाच कारणे आहेत.

पहिले कारण अंतराचे. बिटपासून हात सुमारे १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, दूर असावा असा सामान्य संकेत आहे. शंभर मिलिमीटर लांबीचा तुकडा दोन्ही हातांनी धरला, तर हा संकेत पाळणे भूमितीनेच अशक्य होते. म्हणून सुमारे ३०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे एका फुटापेक्षा, कमी लांबीचा तुकडा केवळ हातांनी धरून बिटजवळून नेऊ नये, असे अनेक मार्गदर्शक सांगतात.

दुसरे कारण वजनाचे. पाते लाकडाला धक्का देते तेव्हा जड फळी जागची फारशी हलत नाही. तोच धक्का पन्नास ग्रॅमच्या तुकड्याला बसला, तर तो भिरकावला जातो. तुकडा निसटल्यावर मागे राहतो तो त्याला दाबणारा हात, आणि दाबाची दिशा पात्याकडेच असते.

तिसरे कारण आधाराचे. मेजात बिटभोवती एक छिद्र आणि आडपट्टीत एक फट असते. लांब फळी हे अंतर सहज ओलांडते. लहान तुकड्याचे टोक मात्र त्या फटीत घसरते, तुकडा तिरपा होतो आणि पाते एकदम खोल शिरते.

चौथे कारण तंतूंचे. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. आखूड तुकड्यात, विशेषतः आडवा काप घेताना, हे तंतू एकमेकांना धरून ठेवण्यास पुरेसे लांब नसतात. टोकाची ढलपी उडते, काही वेळा सगळा तुकडा हातातच दुभंगतो.

पाचवे कारण वेगाचे. दोन पात्यांचे बिट मिनिटाला २२,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे ७३३ काप होतात. चटका बसल्यावर हात मागे घेण्यास माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात पाते सुमारे १४६ वेळा फिरून आलेले असते. करवतीची जखम एका ओळीत असते, तर राउटरचे पाते मांस व हाड यांचा भुगा करते. त्यामुळे तुटलेला भाग पुन्हा जोडणे अधिक अवघड होते. लक्ष देऊन काम करणे आवश्यक आहेच, पण या वेगापुढे केवळ सावधपणा अपुरा पडतो. हात तिथे पोहोचणारच नाही अशी रचना आधी करावी लागते.

सरकवण्याची दिशा

टेबलाखाली राउटर उलटा असल्यामुळे वरून पाहिले असता बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. कारागीर मेजासमोर उभा असताना त्याच्या बाजूचे पाते डावीकडून उजवीकडे जाते. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवतात. पाते आणि लाकूड समोरासमोर येतात, पाते लाकडाला मागे ढकलते व आडपट्टीकडे ओढते. हाताला सतत जाणवणारा हा विरोधच कारागिराच्या ताब्याची खूण असतो.

लाकूड डावीकडून उजवीकडे सरकवल्यास पाते चाकासारखे वागते. ते लाकडाला पकडून पुढे फेकते आणि त्याबरोबर हातही ओढला जाण्याची भीती असते. लहान तुकड्याच्या बाबतीत ही चूक एका क्षणात अपघातात बदलते.

याच नियमाचा एक उपनियम आहे. लाकूड बिट आणि आडपट्टी यांच्या मधल्या फटीतून कधीही नेऊ नये. बिटच्या मागच्या बाजूचे पाते उजवीकडून डावीकडे जात असते. नेहमीच्या सवयीने त्याच दिशेने ढकललेला तुकडा तेथून गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. अरुंद पट्टीची रुंदी कमी करण्यासाठी हा मार्ग सोपा वाटतो, म्हणून तो विशेष लक्षात ठेवावा लागतो.

घडणीच्या सुरक्षित पद्धती

आधी घडण, नंतर काप

ही सर्वांत सोपी आणि सर्वांत सुरक्षित पद्धत होय. पोळपाटाला चाळीस मिलिमीटर रुंदीचे तीन पाय हवे असतील, तर तीन ठोकळे कापून प्रत्येकाची कड गोल करत बसू नये. त्याऐवजी चाळीस मिलिमीटर रुंदीची व दीड-दोन फूट लांबीची पट्टी घ्यावी, तिच्या दोन्ही लांब कडा राउटरवर गोल कराव्यात आणि मग हातकरवतीने पायांचे तुकडे पाडावेत. उरलेल्या दोन आडव्या कडा काचकागदावर घासून गोल होतात.

तसबिरीच्या चौकटीची पट्टी पंधरा मिलिमीटर रुंद हवी असेल, तर शंभर मिलिमीटर रुंदीच्या फळीच्या कडेला नक्षी काढावी आणि नक्षीसह पट्टी चिरून वेगळी करावी. मग फळीची नवी कड रंध्याने सरळ करून पुढची पट्टी काढावी. यंत्राच्या करवतीवर चिरताना ही अरुंद पट्टी पाते व आडपट्टी यांच्यामध्ये अडकणार नाही, अशा बेताने मोठा भाग आडपट्टीकडे ठेवतात.

वाहक फळी

तुकडा आधीच कापलेला असेल, तर त्याला मोठ्या फळीवर बसवतात. बारा ते अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा सुमारे दीड फूट लांब व सहा इंच रुंद तुकडा घेऊन त्याच्या एका कडेला नगाच्या आकाराची खाच कापतात. नग त्या खाचेत घट्ट बसतो आणि त्याची घडवायची बाजू बाहेर राहते. खाचेच्या मागील व उजवीकडील भिंती नगाला सरकू देत नाहीत. वरून दुसरी फळी स्क्रूने आवळली, की नग वर उसळत नाही. दोन्ही हात या वरच्या फळीवर दूर ठेवता येतात. एकाच मापाचे अनेक नग करावयाचे असल्यास ही फळी पुनःपुन्हा उपयोगी पडते.

नग खाचेत बसवण्याऐवजी फळीला चिकटवताही येतो. दुहेरी चिकटपट्टी वापरताना दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि धूळविरहित असावेत व चिकटवल्यावर ते शिकंज्यात काही क्षण दाबावेत. तेलकट सागावर अथवा भुशाने माखलेल्या प्लायवूडवर चिकटपट्टी धरत नाही. अधिक भरवशाची जुनी रीत म्हणजे कागदाचा सांधा. फळी व नग यांच्यामध्ये जाड कागद घालून फेव्हिकॉलने ते जोडतात आणि रात्रभर वाळू देतात. काम झाल्यावर पातळ पटाशी सांध्यात हलकेच ठोकली, की कागद मधोमध फाटून नग सुटतो.

शिकंज्यात धरणे

लाकडी जबड्यांचा, दोन स्क्रूंचा शिकंजा हा लहान तुकड्यासाठी उत्तम हात आहे. जबड्यांत तुकडा आडवा धरून शिकंज्याचे तळ मेजावर सपाट टेकवतात व दोन्ही मुठींवर हात ठेवून सरकवतात. अशा वेळी पात्याचा जबड्यांना स्पर्श झाला, तरी लाकडाला लाकूड लागते. लोखंडी शिकंजा वापरल्यास त्याचा कोणताही भाग बिटच्या मार्गात येत नाही ना, हे यंत्र बंद असताना हाताने एकदा सरकवून तपासणे अनिवार्य आहे. लोखंडावर आदळलेल्या कार्बाइडच्या कपच्या गोळीसारख्या उडतात.

फर्मा आणि आधारखुंटी

वक्र कडांसाठी बेअरिंगचे बिट वापरतात. नगापेक्षा मोठा, धरण्यास मुठी किंवा टॉगल क्लॅम्प बसवलेला फर्मा घेऊन त्यावर नग आवळतात. बेअरिंग फर्म्याच्या कडेवर फिरते व पाते नगाला तोच आकार देते. वक्र कामात आडपट्टीचा आधार नसतो. त्यामुळे पाते लाकडाला प्रथम स्पर्श करते तो क्षण सर्वांत धोक्याचा असतो. यासाठी बिटजवळ मेजात एक आधारखुंटी घट्ट रोवतात. फर्मा आधी खुंटीला टेकवतात व तिच्याभोवती हळूच फिरवत बिटकडे नेतात. बेअरिंगला तो नीट टेकल्यावरच खुंटीचा आधार सोडतात. फर्मा दोन्ही बाजूंनी नगापेक्षा थोडा लांब ठेवल्यास बेअरिंग पाते लागण्याच्या आधीच टेकते.

खेळण्यातील बैलाचे वा गाडीचे चाक हे याचे चांगले उदाहरण आहे. विदर्भात, विशेषतः नागपूर व वर्धा भागात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा साजरा होतो आणि मुले चाके लावलेले लाकडी बैल मिरवतात. साठ मिलिमीटर व्यासाच्या अशा चाकाची कड बोटांत धरून गोल करणे अत्यंत धोक्याचे आहे. चाकाच्या मधल्या भोकातून बोल्ट घालून ते एका फूटभर फळीच्या टोकाखाली घट्ट आवळावे. बोल्टचे डोके चाकात पूर्ण बुडालेले असावे. अर्धे चाक फळीबाहेर राहू द्यावे आणि फळीच्या दुसऱ्या टोकाखाली चाकाइतक्याच जाडीची पट्टी ठोकावी, म्हणजे फळी डुलत नाही. बाहेरचा अर्धा भाग घडवून झाल्यावर यंत्र बंद करावे, चाक सैल करून अर्धे फिरवावे, पुन्हा आवळावे आणि उरलेला भाग घडवावा. चाक सैल ठेवून बिटवर फिरू देऊ नये. पाते त्याला भोवऱ्यासारखे फिरवते.

आडव्या टोकांची घडण

चारही कडा घडवावयाच्या असल्यास आधी तंतूंना आडव्या असलेल्या दोन कडा घ्याव्यात व नंतर लांब कडा. आडव्या कापाच्या शेवटी कोपऱ्यातून उडालेली ढलपी पुढच्या लांब कापात निघून जाते. आखूड टोक आडपट्टीवर डुलते, म्हणून त्यामागे गुण्यात कापलेला रुंद ठोकळा धरून दोन्ही एकत्र सरकवतात. हा ठोकळा तुकड्याला काटकोनात ठेवतो, मागचे तंतू फाटू देत नाही आणि बिटसमोर बोटांऐवजी स्वतः उभा राहतो. दातेरी दाबपट्ट्या मेजावर व आडपट्टीवर आवळल्यास त्या तुकड्याला दोन्हीकडून दाबून ठेवतात आणि उलट येण्यापासून रोखतात.

हातहत्यारांचा पर्याय

एक-दोनच नग करावयाचे असतील, तर वाहक फळी तयार करण्यास लागणाऱ्या वेळेत कानस, लहान रंधा आणि काचकागद यांनी काम पूर्ण होते. काचकागद सपाट फळीवर चिकटवून त्यावर तुकडा घासला, तर कडेची उतार व गोलाई चांगली साधते. गोल वस्तूंसाठी लेथ अधिक योग्य असतो. सावंतवाडीची लाखकाम केलेली गोल खेळणी अशाच कातकामातून घडतात. नग धरण्याची सुरक्षित रीत सुचत नसेल, तर तो नग राउटरचा नव्हे, असे समजणे इष्ट.

पूर्वतयारी

बिट बदलताना राउटरची वायर सॉकेटमधून काढलेली असावी. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. बिटचा दांडा कॉलेटमध्ये पूर्ण तळापर्यंत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर घेतात आणि आवळतात. तळाला टेकलेले बिट आवळताना कॉलेटची पकड अपुरी राहते. बाजारात सहा मिलिमीटरचे आणि पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे, असे दोन्ही दांडे मिळतात. बारा मिलिमीटर आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, यांतही असाच फरक आहे. पाव इंची कॉलेटमध्ये सहा मिलिमीटरचा दांडा कसाबसा आवळला जातो, पण कामात तो घसरून बिट वर चढते. दोन्ही मापे जुळल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

बिटचा व्यास वाढला, की गती कमी करावी लागते. पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या बिटला मिनिटास २२,००० ते २४,००० फेरे चालतात. पन्नास मिलिमीटरपर्यंत १६,००० ते १८,००० आणि त्याहून मोठ्या बिटला १०,००० ते १६,००० फेऱ्यांची मर्यादा साधारणपणे पाळली जाते. पन्नास मिलिमीटरचे बिट २४,००० फेऱ्यांनी फिरवल्यास त्याच्या कडेचा वेग तासाला सुमारे २२६ किलोमीटर होतो. ट्रिमरची गती बहुधा ३०,००० फेऱ्यांच्या आसपास असते आणि अनेक ट्रिमरांत ती कमी करता येत नाही, म्हणून त्यात मोठे बिट बसवणे धोक्याचे आहे. बिटच्या वेष्टनावर छापलेली कमाल गती अंतिम मानावी.

एका फेरीत सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा अधिक लाकूड काढू नये. लहान तुकड्यासाठी हा काप आणखी हलका ठेवतात. बिटभोवतीचे मेजातील छिद्र शक्य तितके लहान करणारी कडी बसवावी. आडपट्टीवर पातळ प्लायवूडची पट्टी लावून तीत बिटच्या आकाराइतकीच खाच पाडल्यास तुकडा घसरण्यास फट उरत नाही. शेवटी यंत्र बंद ठेवून संपूर्ण हालचाल एकदा करून पाहावी. हात कोठे सुरू होतात, कोठे संपतात आणि तुकडा बाहेर कोठे पडतो, हे तेव्हाच कळते.

वीजपुरवठा

ग्रामीण भागात भारनियमन वा बिघाड यामुळे काम चालू असताना वीज जाणे नित्याचे असते. साध्या स्विचचे यंत्र अशा वेळी थांबते, पण स्विच चालूच राहतो. कारागीर तुकडा काढण्यास किंवा बिट चाचपण्यास हात पुढे नेतो आणि वीज परत येताच यंत्र पूर्ण वेगाने सुरू होते. यावर उपाय म्हणजे वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा व पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच. तो मेजाच्या पुढच्या बाजूस, गुडघ्याने किंवा मांडीने बंद करता येईल असा लावतात. तो नसल्यास वीज जाताच प्रथम वायर काढण्याची सवय लावावी. अर्थिंग योग्य असणे आणि विस्तारित वायर पुरेशी जाड असणे हेही आवश्यक आहे.

लाकडाची पारख

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि उत्तरेकडील सातपुड्याचा पायथा येथे शुष्क पानझडी वने आहेत. त्यांत साग, सालई, धावडा, अंजन हे वृक्ष आढळतात. बांधावरची बाभूळ, कडुनिंब आणि आंबा यांचे लाकूडही सुतारकामात येते. सागवान घडणीस चांगले असले, तरी त्यातील सिलिकामुळे पाते लवकर बोथट होते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, लाकूड जळते आणि तुकडा उसळतो. बाभूळ व अंजन अतिशय कठीण आहेत. कडुनिंबाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे कडा फाटतात. अशा लाकडावर हलके काप घ्यावे लागतात. गाठ किंवा चीर असलेला लहान तुकडा राउटरवर घेऊच नये.

जुन्या वाड्यांच्या तुळया, दारे व बैलगाड्या यांचे मुरलेले लाकूड लहान वस्तूंसाठी आवडीने वापरले जाते. त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. चुंबक फिरवून व रंध्याने वरचा थर काढून ते शोधल्याशिवाय असे लाकूड बिटजवळ नेऊ नये.

पोशाख, धूळ आणि आवाज

सैल बाह्या, उपरणे, ओढणी, मनगटातील कडे वा दोरा, अंगठी आणि घड्याळ यंत्राजवळ नसावे. लांब केस बांधलेले असावेत. कापडी हातमोजे संरक्षण देत नाहीत. त्यांचा धागा पात्यात गुंतला, तर हात आत ओढला जातो. डोळ्यांसाठी बाजू झाकणारा चष्मा, कानांसाठी कर्णरक्षक आणि श्वासासाठी मुखपट्टी आवश्यक आहे. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. मेजावर साचलेला भुसा ब्रशने झाडावा, बोटांनी नव्हे, आणि तोही यंत्र थांबल्यावर. स्विच बंद केल्यानंतर बिट काही सेकंद फिरतच राहते.

अपघात झाल्यास

प्रथम यंत्र बंद करून जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा आणि हात हृदयापेक्षा उंच धरावा. बोटाचा भाग तुटला असल्यास तो शोधून स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळावा व पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात वा पाण्यात ठेवू नये, त्यामुळे त्यातील पेशी नष्ट होतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी अकोला व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सूक्ष्म शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला दूरच्या शहरात न्यावे लागण्याचा संभव असतो. म्हणूनच तुटलेला भाग योग्य रीतीने जपणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

कायदा व कारागीर

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची आणि कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद करण्यात आली. विजेवर चालणाऱ्या उद्योगांत किमान दहा कामगार ही या अधिनियमाची मूळ मर्यादा होती. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गमावल्यास २० टक्के व संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के अर्जनक्षमता घटते, असे धरण्यात आले. घराच्या पडवीत एकटा काम करणारा सुतार मात्र या दोन्ही तरतुदींच्या बाहेर राहतो. त्याला भरपाई देणारा मालक नसतो आणि त्याच्या यंत्राची तपासणी करणारा निरीक्षकही नसतो. पटाशी धरणाऱ्या हाताचा अंगठा गेला, तर त्याचे नुकसान टक्केवारीत मावत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणासह साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य दिले जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. यंत्र विकत घेताना त्याबरोबरच सुरक्षित स्विच, लाकडी शिकंजा आणि दाबपट्ट्या यांची तजवीज केली, तर हा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. वाहक फळी व ढकलण्याचा ठोकळा तर कार्यशाळेतील टाकाऊ प्लायवूडमधूनच तयार होतात.

हे सुद्धा पहा

सुतारकाम
रंधा
लेथ
बारा बलुतेदार
तान्हा पोळा
सावंतवाडीची लाकडी खेळणी